तारकादलावर शिक्का

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, अन्नपूर्णा भागातल्या मराठी वाचनालयाची कार्यकारिणी म्हणजे चार माणसं आणि एक शिक्का. माणसांचं एकमत कधी होत नाही, शिक्क्यावर मात्र होतं. पुस्तक विकत घ्या नाहीतर दान घ्या, सतराव्या पानावर जांभळा शिक्का बसला की ते वाचनालयाचं. नाही बसला तर रद्दी.

त्या रविवारी बैठकीत विषय एकच. बालविभागाची खोली भजनी मंडळाला द्यायची, कारण तिथे पोरं येत नाहीत. पोरं कशाला येतील? कपाटातलं सगळ्यात नवं पुस्तकसुद्धा त्यांच्या आईबापांनी लहानपणी फाडलेलं आहे! येणारी एकटी शमिका, सहावीतली. खोली जाते की राहते ते ऐकायला तीही खिडकीत येऊन बसली होती.

मी माझा जुना टॅबलेट टेबलावर ठेवला. म्हटलं, "हा वाचनालयाला दिला. आता यावर 'तारकादल'चे कॉमिक्स-संग्रह घ्या. अंतराळातली अख्खी मालिका, वीस खंड, एका जाड कादंबरीच्या किमतीत. सेल आज संपतोय. महिन्याभरात पोरं नाही आली तर द्या खोली, भजनाच्या सतरंज्या मी घालीन."

सचिव कुमुदिनीताई म्हणाल्या, "हे तर हिंदीत आहे, सुशांतजी. मराठी वाचनालयात हिंदी कॉमिक्स? लोगबाग काय म्हणतील, थोडं तर सोचा!"

हे वाक्य त्यांना मराठी वाटतं.

खजिनदार यशवर्धनला वेगळीच शंका. "इतकं सस्तं? भिया, माल चोरीचा तर नाही ना? तीन दुकानांची कोटेशन आण."

"हे एकाच ठिकाणी मिळतं. आणि आजच."

"मग दोन आण."

अध्यक्ष दत्तोपंत, ऐंशीच्या पुढचे, चष्मा पुसत बसले होते. "ते सगळं ठीक आहे रे. शिक्का कुठे मारायचा?"

"शिक्का लागतच नाही. ते कागदावर नाहीये."

"मग आपलं कसं?"

"पैसे दिले की आपलं."

"पैसे तर सिनेमाचेही देतो. थिएटर आपलं होतं का?"

सगळे हसले. खिडकीतली पोरगी हसली नाही.

मग पोहे आले. खोलीचा विषय सोडून शेव मऊ का पडली यावर गंभीर चर्चा सुरू झाली. माझं डोकं फिरलं. मी फोन काढला, पैसे स्वतः भरले, संग्रह टॅबलेटवर उतरवले आणि तो दत्तोपंतांपुढे आदळला. "घ्या! आता बोला."

"म्हणजे दान?" ते खूश झाले. "दान असेल तर कोटेशन नको."

त्यांनी बोटाला थुंकी लावली, एकेक पान सरकवत सतराव्यावर आले. यानाच्या दारात तारकादलाची कप्तान उभी होती. मी 'अहो अहो' म्हणेपर्यंत धप्प! शिक्का काचेवर, कप्तानच्या तोंडावर.

पान सरकवलं. शिक्का तिथेच. पुढचं सरकवलं. तिथेच. दुसरा खंड उघडला, तरी तिथेच.

"अरे, सगळ्या पानांवर लागला!" दत्तोपंत ओरडले. "वीसच्या वीस खंड, एका धपक्यात! कुमुदिनी, बघ तर!"

कुमुदिनीताईंनी वाकून बघितलं. "हो की! मग झाली ही वाचनालयाची मालमत्ता. खोली महिनाभर पोरांकडेच राहू द्या."

शाई काचेवर आहे, हे सांगितलं तर खोली गेली. म्हणून मी नुसता रुमाल काढला.

"हां! पुसायचं नाही!" यशवर्धनने माझा हात धरला. "वाचनालयाचा शिक्का आहे, भिया."

शमिका टॅबलेट घेऊन खोलीत गेली आणि लगेच परत आली. "काका, कप्तानचं तोंडच दिसत नाही."

माणसाने खरं गिळायचं तरी किती?

"चित्र बोटाने मोठं कर आणि बाजूला ओढ, दिसेल," मी म्हटलं. "आणि उद्या येताना चार मैत्रिणी आण. या लोकांचा भरवसा नाही."