गच्चीवरचं सोलर

कंबरेपासून पोटरीपर्यंत अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेऊन काशीनाथकाका डॉक्टर हंसाबेनच्या टेबलावर पालथे पडले होते, तेवढ्यात संध्याकाळी, ऊन असतानाच वीज गेली. खिडकीतून दिसणाऱ्या त्यांच्या सोसायटीत मात्र दिवे चालूच! वीज गेली की गच्चीवरचं सोलर आपोआप बंद व्हायला हवं. पण ते सारखं ट्रिप व्हायचं, म्हणून सेक्रेटरी या नात्याने त्यांनीच ते सेटिंग बदलून घेतलं होतं. आता सोलरची वीज केबलमधून उलटी बाहेर येणार, आणि सोसायटीच्या फाटकाशी लाइनमन विजेचा डबा उघडत होता.

"काका, हलू नका, सुया आहेत!"

"राहू देत, बेन!"

सायटिकाची कळ मस्तकात गेली, तरी काका खिडकीशी पोचले. "अरे, हात लावू नको! करंट आहे!"

लाइनमनने हात मागे घेतला. "लाइन मी तर बंद केली. चालू कोणी ठेवली?"

"मी," काका म्हणाले.