जोडून काढलेली वाट

एकोणीसशे ब्याऐंशी साली लष्कराने किनाऱ्यावरचे जुने मोर्चे, म्हणजे पहाऱ्याची ठाणी, सोडून दिले आणि भोवतीच्या काटेरी तारा गुंडाळून नेल्या. वर्तमानपत्रात ती बातमी आली त्या रविवारी तिने जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, त्यावर किनाऱ्याचा नकाशा पसरला आणि कोपरे वळू नयेत म्हणून वर वाट्या उपड्या घातल्या.

"आज काय नकाशाच वाढणारेस का?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच असत. पण दार उघडं असलं की त्यांना घरातलं सगळं दिसे, आणि न दिसलेलं ऐकू येई.

"स्वयंपाक झालाय, आई. एवढं बघू द्या."

"बघ बाई, बघ. माहेरच ते तुझं."

त्यात खोटं काही नव्हतं. भूमापन खात्यात नकाशे गिरवायच्या कामावर ती लग्नाआधीपासून होती. मोजणीवाले पेन्सिलीने काढलेले कच्चे कागद आणून देत. त्यांच्यावर पारदर्शक कागद ठेवून ती शाईने एकेक रेष उतरवून घेई. टेबलावरचा तो नकाशाही तिच्याच हातचा. किनाऱ्यावरचा खडक न् खडक तिला पाठ होता, आणि तिथे तिने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

"बोटांनी सगळा किनारा चालून झालाय," ती नवऱ्याला म्हणायची. "एकदा पायांनी चालायचाय."

"जाऊ की," तो म्हणायचा. पाणीखात्यात तक्रारी ऐकून घ्यायचं काम करून त्याला कशालाही "जाऊ, करू, बघू" म्हणायची सवय लागली होती. घरातही तेच चाले.

आता मात्र तिने मनावरच घेतलं. ऑफिसात लिफ्ट सोडली आणि जिन्याने चढू-उतरू लागली. जाड तळव्याचे बूट आणले आणि ते पायांना सरावावेत म्हणून स्वयंपाक करतानाही घालू लागली. ओट्यापाशी तिची ठकठक ऐकून सासूबाई विचारायच्या, "आमटीवर चढाई का आज?"

बेत दोन दिवसांचा होता. मोर्चे नकाशात छापलेले नव्हते; तिने आठवणीने पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. दीपगृहापासून निघायचं, ओहोटीला वाळूवरून पहिला मोर्चा गाठायचा. तिथे तोफांचे कट्टे होते. मग कड्यावर चढून दुसरा मोर्चा, तिथे डोंगरात खोदलेलं दारूगोळ्याचं कोठार. तिथून मात्र समुद्र सोडून आत वळायचं, गुराख्यांच्या वाटेने डोंगराला वळसा घालून खेड्यात मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या सकाळी तिसऱ्या, शेवटच्या मोर्च्यावर जायचं. तो टोकावर होता, तीन बाजूंनी पाणी.

नवऱ्याचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर येणार होता. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. दोर, तंबू, कंदील असलं सगळं तोच आणणार होता. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. त्याने टेबलाशी उभ्याउभ्याच नकाशावर नजर टाकली.

"वहिनी, हे काय? दुसऱ्या मोर्च्यापासून तिसऱ्यापर्यंत कड्याकडेने सरळ वाट आहे. तुम्ही हा अख्खा डोंगर कशाला फिरवताय आम्हाला?"

"ती वाट नाहीये, भाऊजी."

"नाहीये कशी? ही काय, तुटक रेष. तुटक म्हणजे पायवाट, एवढं कळतं हो आम्हाला."

"ती मी काढलीय."

"मग तर आहेच की!" तो मोठ्याने हसला. नवराही हसला.

तिने समजावून सांगितलं. मोर्चे गुप्त होते, नकाशात दाखवायला मनाई होती. वगळायचे तर मध्ये कोरी जागा राहणार. तेव्हाचे साहेब म्हणाले, कोरं दिसलं की शहाण्याला लगेच कळतं, इथे काहीतरी लपवलंय. म्हणून मग गिरवणाऱ्या बायकांनी डोंगराच्या रेषा अंदाजाने पुढे ओढायच्या आणि तुटलेल्या वाटा एकमेकींना जोडून टाकायच्या. सगळीकडे तसंच करत. त्या ठिकाणी मूळ कागदावर खोल घळ होती, थेट समुद्रापर्यंत गेलेली. तो कच्चा कागद तिने स्वतः पाहिला होता.

"किती वर्षं झाली त्याला?" दिराने विचारलं.

"झाली असतील बरीच."

"तेच म्हणतो. ह्याच्यावर सरकारचा शिक्का आहे, आणि तुमच्याकडे काय, तर आठवण!" तो भावाकडे वळला. "दादा, वळसा वाचला तर दोन दिवसांचं काम एका दिवसात होतंय."

"बघू," नवरा म्हणाला.

"बघू नाही. घळीपाशी वळायचंच," ती म्हणाली. "आणि मी असणारच आहे की बरोबर."

तिच्या बुटांकडे बघून दिराने चहाचा कप उचलला.

सासूबाईंपाशी नणंद येऊन राहणार होती. ते कधीच ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी नवरा ऑफिसातून आला तो चप्पल काढता काढताच म्हणाला, "ताईचं काही जमत नाहीये. धाकट्याकडे निरोप आलाय."

तिच्या हातात दोघांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. "मग पुढच्या आठवड्यात जाऊ."

"धाकट्याने दुकान बंद ठेवलंय ग. त्याचा मित्रही येतोय आता." तो जरा थांबला. "पुढच्या वेळी नेतो तुला. अगदी नक्की."

आतून सासूबाई ओरडल्या, "मला शेजारणीकडे टाका आणि जा ग तू! मी काय पळून जातेय?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस," नवरा म्हणाला. नेहमी सगळ्याला हो म्हणणारा तो माणूस नको तेव्हा खंबीर झाला.

सकाळी तिनेच त्याचा डबा भरला. दाराशी त्याच्या शर्टाच्या खिशात नकाशाची घडी ठेवली आणि म्हणाली, "घळीपाशी वळा. भाऊजी काही म्हणोत."

"हो ग," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या दुकानात फोन आला. नवऱ्याला इस्पितळात नेलं होतं. ती सापडलं ते पायात घालून धावली. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण बूट घातलेत.

झालं होतं ते असं. घळ होती. तिने सांगितली होती तिथेच. दिराने ती पाहिली, पण मागे फिरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कोठाराची एक जुनी भिंत घळीत आडवी पुढे गेली होती. तिच्यावरून पलीकडे जाऊ, असं तो म्हणाला. तो गेला, मित्र गेला. मागून येणाऱ्या नवऱ्याच्या पायाखाली भिंतीचा तुकडा निखळला. मांडीचं हाड, गुडघा, घोटा, सगळ्याचा चुरा झाला होता, आणि त्याला वर काढण्यात रात्र गेली होती.

कॉरिडॉरमध्ये नातेवाईक जमले. दीर एकेकाला सांगत होता, "नकाशात चक्क वाट दाखवलीय हो. आता काय बोलायचं? वहिनींनीच काढलेला नकाशा." मग आवाज खाली आणून, "त्यांना तरी दोष कसा द्यायचा म्हणा."

लोक तिच्याकडे वळून बघत होते. बोलून कोणाला पटणार होतं? रेष तिचीच होती.

संध्याकाळी नणंद आली. येताच तिने वहिनीचे हात धरले. "काय ग हे! आणि तुझं जाणं का रद्द झालं? मी तर बॅग भरून बसले होते. धाकट्याने सांगितलं, येऊ नकोस, वहिनी जात नाहीये."

ती उठून आत, नवऱ्याच्या खाटेपाशी गेली. पाय वर टांगलेला होता. तो जागा होता.

"ताई येणार होत्या," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू दमली असतीस ग," तो म्हणाला. "आमचा सगळ्यांचा वेग कमी झाला असता."

तिने त्याच्या उशाखालची चुरगळलेली चादर नीट केली. ते तिचं कामच होतं, तेव्हाही आणि त्यानंतरही.

नवरा पुढे पुष्कळ वर्षं जगला, काठी घेऊन. त्याला जिन्यावरून उतरवणं, गुडघा शेकणं, बूट घालून देणं हे सगळं तिने केलं. पुढच्या वेळेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, तिनेही काढला नाही. सासूबाई दुसऱ्याच वर्षी गेल्या. जाण्याआधी म्हणाल्या, "मीच आडवी आले ग तुझ्या वाटेत." तिने सांगितलं, "तुम्ही नाही, आई," आणि कोण ते सांगितलं नाही. दिराने दुकानाला जोडून सहलींचा धंदा काढला. भावाला घळीतून कसं वर काढलं, ते तो पडद्यावर चित्रं दाखवून सांगत असे. टाळ्या पडत. नणंदेने धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. घरात निषेध म्हणून जे काय झालं ते तेवढंच. भूमापन खात्यात यंत्रं आली, शाईच्या दौती अडगळीत गेल्या आणि ती निवृत्त झाली. बूट मात्र तिने कोणाला दिले नाहीत. त्यांचे तळवे आपोआप भुगा होऊन गळून पडले.

नवरा गेल्यानंतर नणंदेच्या मुलीने तिला एकदा गाडीत घालून किनाऱ्यावर नेलं. तोवर तिचे गुडघे संपले होते. गाड्या उभ्या करायच्या जागेपाशीच एका फलकावर किनाऱ्याचा मोठा नकाशा लावला होता. भाचीने वाचून दाखवलं. कड्याकडेने आता पायऱ्या आणि कठडे झालेत, आणि घळीवर लोखंडी पूल.

"बरं झालं ना, मामी? म्हणजे वाट होतीच की तिथे!"

बांधणाऱ्यांनी तिचाच नकाशा समोर ठेवला होता. तिने ओढलेल्या रेषेवर त्यांनी पूल घातला होता. वर माणसांची रांग लागली होती. पोरं, म्हातारी माणसं, कडेवर मुलं घेतलेल्या बायका.

तिने चष्मा सारखा केला आणि फलकावर दीपगृहाशी बोट टेकवलं. वाळूवरून पहिला मोर्चा. कड्यावरून दुसरा. मग बोट पुलाच्या बाजूला न जाता आत वळलं, जिथे आता काहीच छापलेलं नव्हतं, आणि डोंगराला सावकाश वळसा घालू लागलं.

"आजी, जरा बाजूला होता का?" मागून कोणीतरी म्हणालं. "फोटो काढायचाय."

शेवटचा मोर्चा अजून यायचा होता. तिने बोट उचललं आणि ती बाजूला झाली.