परदेशी न गेलेली कोळंबी

मी एरेटर बोलतोय. कोळंबीच्या तळ्यात पाणी घुसळायचं, त्यात हवा घालायची, हे माझं काम. मी थांबलो की कोळंबी गुदमरते.

माझा मालक दत्ता. धरमतरच्या खाडीकाठी त्याची भातशेती होती. बांध फुटून खारं पाणी शिरलं आणि भात संपला. मग त्याने तिथेच तळं खणलं आणि मला आणून पाण्यात सोडलं. पहिल्यांदा फिरलो तेव्हा बांधावर उभी असलेली त्याची मोठी बहीण सरू खळखळून हसली होती. तिचा नवरा खाडीत कोळंबी पकडायचा आणि ती रोह्याच्या बाजारात विकायची.

"माझी कोळंबी रोह्याची आणि तुझी परदेशची. आपलं भांडण नाय," ती म्हणाली होती.

दोन-तीन पिकं चांगली निघाली. व्यापारी जगन गाडी घेऊन यायचा, माल निर्यात करणाऱ्या कंपनीत जायचा आणि तिथून अमेरिकेला. मला वाटायचं, अमेरिका म्हणजे पेणच्या पलीकडे कुठेतरी असेल.

गेल्या वर्षी माल तयार होता, पण जगन गाडी न घेताच आला.

"दत्ताभाऊ, अमेरिकेनं आपल्या मालावर कर वाढवलाय. तिथली माणसं आता इक्वेडोर देशाची कोळंबी घेतात, ती स्वस्त पडते. कंपनीनं भाव पाडला."

"मग दुसऱ्या देशात पाठवा."

"सगळे तिकडंच पाठवायला लागले, म्हणून तिथला भावही पडला."

दत्ताने इक्वेडोरचं नाव कधी ऐकलं नव्हतं. "थांबतो मी. भाव चढंल," तो म्हणाला. मी फिरत राहिलो. कोळंबी वाढत होती, खाणंही वाढत होतं आणि भाव मात्र उतरतच होता.

मग एका सकाळी माझी मोटर जळाली. कोळंबी पाण्यावर येऊन तडफडू लागली. दत्ताने जगनला फोन केला.

"कंपनीनं खरेदीच बंद केलीय, भाऊ," जगन म्हणाला.

माल तसाच ठेवला असता तर सगळा मेला असता. दत्ताने जाळं ओढलं, बर्फ घातला, टेम्पो भरला. मोटर दुरुस्त करायची म्हणून मलाही टेम्पोत चढवलं आणि आम्ही रोह्याला गेलो.

बाजारात बघतो तर आसपासच्या तळ्यांवरचे सगळेच तिथे. परदेशी जायची ती सगळी कोळंबी जमिनीवर ढीग घालून मांडलेली. दत्ताला जागा मिळाली ती नेमकी सरूच्या शेजारी.

एक बाई सरूच्या टोपलीपाशी वाकली. भाव विचारला. मग तिची नजर दत्ताच्या ढिगाकडे गेली. "ही मोठी आहे आणि स्वस्तही," म्हणत ती सरकली. तिच्या मागून आलेली माणसंही सरकली. दत्ता मान खाली घालून तोलत राहिला. माल वितळत्या बर्फावर होता, त्याला थांबता येत नव्हतं.

सरूच्या टोपलीवर माशा बसू लागल्या.

"दत्ता," ती हळूच म्हणाली, "तुझी परदेशी जाणार होती ना?"

"कुणी घेईना, ताय."

"मग आता माझी कुठं जाईल?"

सरूने टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेली. भावाने हाक मारली, पण तिने वळून पाहिलं नाही.

माझी मोटर दुरुस्त करायला दत्ता थांबलाच नाही. त्याने टेम्पो तसाच घरी वळवला.

बाजारात तळ्यांवरची स्वस्त कोळंबी येतच राहिली; सरू आता कोलाडच्या हॉटेलात भांडी घासते. गौरीच्या सणाला माहेरी आली नाही. तळं आटलंय. तळाला मिठाची पांढरी साय धरलीय, तिथे भातही उगवणार नाही.

परवा जगनचा फोन आला. भाव चढलाय म्हणे. दत्ताने ऐकून घेतलं. "तळ्यात काय नाय," एवढंच म्हणाला.

मी बांधावर उलटा पडून आहे. संध्याकाळी दत्ता येतो आणि माझ्या गंजलेल्या पात्यांवर हात ठेवून बसतो. माझी एकच विनवणी आहे. भंगारवाल्यांनो, मला मागायला येऊ नका. तो नाही म्हणणार नाही. आणि मग त्याच्याजवळ बसायला कुणीच उरणार नाही.