नखाने निघालेला सोल

आम्ही आठ जणी. सगळ्यांची पन्नाशी उलटलेली, सगळ्यांकडे थोडाफार स्वतःचा पैसा. आणि आमच्यातल्या एकीलाही तरुणपणी "घे गं, कर धंदा" म्हणून कुणी दमडी दिली नव्हती. म्हणून आता आम्ही देतो. नवा धंदा काढणाऱ्या बाईला पहिला पैसा आमचा, त्या बदल्यात धंद्यात थोडा वाटा आमचा. बुडालाच तर रडायला सात जणी सोबत असतात.

पण देण्याआधी एक नियम आहे. आमच्यातली एक जण साधी गिऱ्हाईक बनून जाते आणि त्या बाईला यथेच्छ छळते. हे काम कायम माझ्याकडे. मंडळात मला 'कारटी' म्हणतात, या वयात! आमचे हे म्हणतात, "तीस वर्षं मी फुकटात छळून घेतलं. तुझ्या मंडळाला आत्ता कळली तुझी किंमत."

या खेपेला गाठ पडली बूटवालीशी. वय एकतीस-बत्तीस. टायरच्या दुकानावर एक खोली, भिंतीवर खडूने काढलेले पायच पाय. हिचं डोकं असं, की डावा बूट डाव्या पायाच्या नंबरचा आणि उजवा उजव्याच्या. आधी बुटांच्या मोठ्या कारखान्यात होती. तिथल्या साहेबांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. आता हिची गिऱ्हाइकं वाढलेली बघून तेच साहेब म्हणत होते, परत ये, सुपरवायझर करतो, पायांचे साचे घेऊन ये. उत्तर शनिवारपर्यंत हवं. आमची बैठकही शनिवारीच. आम्ही नाही म्हटलं, की खोलीला कुलूप आणि साचे साहेबांच्या कपाटात.

तिने माझे पाय मापले.

"मावशी, तुमचा उजवा पाय अर्ध्या नंबरने मोठा आहे."

"काहीतरीच! पन्नास वर्षं माझ्याकडेच आहे तो. मला नाही दिसला?"

"घालून बघा, मग भांडा."

आठवड्याने बूट आले. घातले मात्र, उजव्या पायाची बोटं जन्मात पहिल्यांदा सरळ झाली. घरभर तीन फेऱ्या मारल्या, उगाचच. पण काम ते काम. सोलची कड जरा उचकटली, आत एक वाळका वाटाणा सरकवला, कड दाबून बसवली आणि गुरुवारी लंगडत लंगडत जिना चढले.

"हे काय बूट म्हणायचे? टोचतंय! पैसे परत दे."

ती चिडली नाही. बूट उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं, वाटाणा काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मावशी, सुरीने उघडलात की स्क्रू-ड्रायव्हरने?"

"नखाने," मी म्हटलं. आणि जीभ चावली. आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवल्या, आणि या पोरीने एका प्रश्नात माझी उडवली.

मला वाटलं, आता हसेल किंवा हाकलेल. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"नखाने? सोल नखाने निघाला?"

तिने फळीवरचे तयार बूट काढले आणि एकेकाला नख लावत गेली. पाचातले दोन उघडले. मग सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा हुंगला, काडीने ढवळला. "नवा डबा. थंडीत राहून खराब झालाय. माझीच चूक, उघडल्यावर तपासायला हवा होता."

मनात म्हटलं, आणखी एकदा पारखून बघू. "अगं, मग होऊ दे की. इतर कोण नख लावतंय?"

"शनिवारी काही बायकांना हे बूट दाखवायचेत. त्यांच्यावर माझं सगळं अवलंबून आहे."

"मग शनिवारपर्यंत गप्प बस."

"आणि शुक्रवारी जिना उतरताना कुणाचा सोल निघाला तर?"

माझ्यासमोर तिने वही उघडली आणि फोन लावायला बसली. त्या डब्यातून चिकटवलेले एकतीस जोड विकले गेले होते. एकतीस वेळा तेच वाक्य, "चूक माझी आहे, बूट घालू नका, मी घ्यायला येते." मी वाटाणा उचलला, पर्समध्ये टाकला, बूट पायात चढवला आणि गुपचूप जिना उतरले.

शनिवारी दुपारी मंडळातल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बैठक. पेशंट बसतात त्या बाकांवर सात जणी, आणि मी नियमाप्रमाणे तपासणीच्या खोलीत, दाराआड. गुरुवारचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, ती सांगते की गिळते, ते ऐकू.

बूटवालीने पिशवीतून सगळ्यात आधी फळीवरचा सोल निघालेला एक जोडच काढला. डबा, सोल, एकतीस फोन, सगळं सांगितलं.

आमच्या मंडळातली बँकवाली म्हणजे निवृत्त मॅनेजर. तिच्या तोंडून 'हो' निघायला चिमटा लागतो. ती म्हणाली, "परवा तुमचे सोल निघत होते, आणि आज पैसे मागता?"

"हो. ते का निघतात, हे परवापासून मला कळलंय. आता प्रत्येक डब्याचा एक सोल चिकटवून, एक दिवस थांबून, ओढून बघते. निघाला तर डबा बाद."

"तक्रारी किती आल्या?"

"एकच. तीही खोटी."

मला हसू आवरेना. दाराआड तोंडात पदर कोंबला, तरी फुटलंच. बाहेर आले.

"मावशी! तुम्ही?"

"आमची कारटी आहे ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुद्दाम पाठवली होती."

पोरीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या पायात तिचेच बूट होते, सोल मी मोच्याकडून पक्का करून घेतलेला. म्हणाली, "तुमचे पैसे घेईन. पण एक अट. या मावशींनी दर महिन्याला येऊन मला छळायचं."

पैसे देणाऱ्यांनाच अट! आमच्याकडे आजवर असं कुणी केलं नव्हतं. सगळ्यात आधी हात वर गेला तो बँकवालीचा, चिमट्याशिवाय. मग उरलेल्या सात जणींचे.

तिथेच उभी राहून तिने साहेबांना फोन लावला. "नाही साहेब, येत नाही. नाही, साचेही नाहीत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती आमच्याकडे बघून हसली. "कुणी भरीला घातलं? चांगल्या खमक्या बायका आहेत, साहेब. त्यातल्या एकीपासून तर बूट लपवून ठेवावे लागतात."

माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! लेकीचा पहिला नंबर आला होता तेव्हाही इतकी झाली नव्हती.