दोन अक्षरांची हाक

चौथं प्रकरण वाचून झालं तशी सुनेनं मान वर केली. सासूबाईंना दिसायचं कमी, म्हणून सून लिहीत असलेली कादंबरी त्या तिच्याकडून ऐकायच्या. आणि मत देताना भीडभाड ठेवायच्या नाहीत.

"विशाखानं विलासला फसवलं की विलासनं विशाखाला? आणि हा विश्वास मधेच कुठून टपकला? सगळे एका माळेचे मणी! कोण कोणता, पत्ताच लागत नाही."

"आई, अर्थ बघून ठेवलीत मी नावं."

"अर्थ घाल चुलीत. आधी हाक मारून बघ."

सून हिरमुसली. नावं शोधण्यात तिचे तीन आठवडे गेले होते. सासूबाईंचा आवाज मात्र एकदम उतरला.

"गिरणीत आमच्या खात्यात एक नवी पोरगी आली होती. नाव चांगलं पाच अक्षरी. पुरं नाव घेतल्याशिवाय ओ द्यायची नाही. एकदा तिची ओढणी यंत्राच्या पट्ट्याकडे ओढली जाताना मला दिसली. मी ओरडले. पण त्या खडखडाटात अर्धं नाव विरून गेलं. ती वळेपर्यंत ओढणी गुंतली, आणि सोडवायला गेली तर दोन बोटं गेली."

सुनेनं हातातले कागद बाजूला ठेवले.

"चार महिन्यांनी परत आली तेव्हा म्हणाली, आता मला पटकन ऐकू येईल असं काहीतरी म्हणा. मी म्हटलं, खडू. मग सगळ्यांनाच दोन-दोन अक्षरं दिली. मी काडी. एकीची हाक दुसरीसारखी ऐकू यायला नको, एवढंच बघितलं."

"आई, खडू हे नाव घेऊ मी?"

"तिचं आहे. तिलाच विचार."

फोन सुनेनं लावला, पण पलीकडून 'हॅलो' येताच सासूबाईंनी तो हिसकावूनच घेतला. "खडू! मी काडी!"

"अगं, हळू बोल," पलीकडची बाई हसत म्हणाली, "गिरणी बंद होऊन जमाना झाला."

दोघी तासभर बोलल्या. नावाचा विषय शेवटी निघाला. खुशाल घ्या, खडू म्हणाली, फक्त त्या नावाच्या बाईला मुखदुर्बळ करू नका.

दुसऱ्या दिवशी सुनेनं विशाखाची झिमी केली, विलासचा ठोंब. विश्वासला तिनं काढूनच टाकलं, आणि त्याच्या जागी एक बडबडी बाई आणून बसवली.