पट्टे नसलेला डॅशबोर्ड

आपण दोषी निघावे, अशी इच्छा चमक्याच्या मनात आजवर कधी आली नव्हती. बावीस वर्षे तो लोकांच्या गाड्या आतून स्वच्छ करीत आला होता. सीटवर सांडलेल्या दुधापासून छताला उडालेल्या शाईपर्यंत प्रत्येक डाग दुसऱ्या कुणाचा तरी असे. आज सकाळी सात वाजल्यापासून मात्र तो स्वतःच्या कामातला डाग शोधत होता, आणि तो काही केल्या सापडत नव्हता.

वडिलांची गाडी कार्यशाळेच्या मधोमध उभी होती. त्याने विजेरी डॅशबोर्डला जवळजवळ टेकवून आडवा झोत सोडला. वरून पाहिल्यास खपून जाणाऱ्या खुणा आडव्या उजेडात लपत नाहीत. समोर दिसला तो सलग, कोरडा, मंद काळा पृष्ठभाग. त्याने दुसऱ्या दारातून शिरून पुन्हा पाहिले. मग मागच्या सीटवरून वाकून पाहिले. पट्टा नाही, ओघळ नाही, कापडाच्या कडेची रेघसुद्धा नाही. त्याने विजेरी बंद केली, बाहेर आला, तीन कापडांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या आणि परत आत गेला.

सोमवारी त्यानेच ही गाडी पुसून डॅशबोर्डला पॉलिश लावले होते. उन्हाने प्लास्टिक तडकू नये म्हणून लावतात ते, दुधासारखे पातळ. मंगळवारी सकाळी वडील आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी घेऊन निघाले आणि शाळेपुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवर थांबलेच नाहीत. रस्ता ओलांडणारी एक मुलगी मागे उडी मारून वाचली. तिचे दप्तर गाडीच्या आरशाला घासून गेले.

"समोरच्या काचेत सगळे पट्टेच पट्टे," घरी आल्यावर वडील म्हणाले होते. "तुझ्या त्या तेलाचे. ऊन पडलं की सगळं काचेत उमटतं. माणूस दिसेल कसा?"

कारण अगदीच अशक्य नव्हते. डॅशबोर्डवरून परतलेला उजेड तिरप्या काचेवर आपटतो आणि त्यातला थोडा चालकाच्या डोळ्यांत शिरतो. पृष्ठभाग चोपडा असेल तर जास्त. म्हणूनच चमक्याची मोठी बहीण, महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारी, फोनवर म्हणाली होती, "भांडू नका. गुरुवारी मला पहिला तास नाही. नऊला येते, मोजून बघू."

वडिलांनी शब्द दिला होता. पट्ट्यांमुळे झाले असे ठरले तर गाडी तेच चालवत राहणार. नाही ठरले, तर तीन वर्षे टाळलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे आणि तो हो म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अडतीस वर्षे रुग्णवाहिका चालवलेल्या माणसाने हा शब्द दिला होता. तो देताना ते हसले होते, आणि ते हसणेच चमक्याला दोन दिवस बसू देत नव्हते.

साडेआठ वाजले. त्याने आवाराचे फाटक लावून घेतले, बाटली उचलली आणि कामगारांना ज्या ज्या गोष्टींसाठी तो झापत असे, त्या सगळ्या एकामागून एक केल्या. गाडी उन्हात नेऊन डॅशबोर्ड तापू दिला. चकचकीत, तेलकट जातीचे पॉलिश घेतले. ते कापडावर न घेता थेट पृष्ठभागावर फवारले. एकदा हात फिरवला आणि कोरड्या कापडाने उरलेले टिपून घेणे मुद्दाम टाळले. तरी सवय वाईट. हात आपणहून सरळ, एकसारखा फिरू लागला. शेवटी त्याने डाव्या हाताने पुसले. तेव्हा कुठे काम हवे तेवढे वाईट झाले.

नऊला तिघे आले. आई काठी टेकत, वडील तिच्या पुढे चार पावले, आणि ताई पुठ्ठ्याची चकती काखेत घेऊन.

"काय रे चमक्या, आंघोळ केलीस की पॉलिशच लावून घेतलंस?" ताईने त्याच्या हातांकडे पाहत विचारले.

"धंद्याचे हात आहेत."

"काम तर सोमवारीच झालं म्हणालास."

तो पाण्याचा नळ शोधायला गेला. नळ अकरा वर्षे त्याच जागी होता.

ताईची रीत साधी होती. गाडीचे तोंड उन्हाकडे. तीस पावलांवर ती चकती धरून उभी. चकतीवर एक जाड कडे, त्याला एका बाजूला खाच. खाच वर आहे, खाली आहे की कुठल्या बाजूला, ते चालकाच्या जागेवरून सांगायचे. दर वेळी ती खिशातून न बघता एक चिठ्ठी काढून तिच्यात लिहिलेल्या बाजूला चकती फिरवी, कारण माणसाने मनाने निवड केली की मनातली इच्छा तिच्यात शिरते, असे तिचे म्हणणे होते. असे दहा वेळा.

वडील ऐटीत बसले. डॅशबोर्ड पाहून त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. "हे बघ! हेच म्हणत होतो मी."

दहापैकी तीन बरोबर आले. डोळे मिटून सांगितले तरी सरासरी अडीच येतात, हे ताईने मोठ्याने सांगितले नाही.

"बघितलंस?" चमक्या घाईघाईने म्हणाला. "माझी चूक. मान्य. मी पुन्हा करून देतो, विषय संपला."

"अर्धा झाला," ताई म्हणाली. तिने पिशवीतून काळे, जाड कापड काढून डॅशबोर्डवर पसरले. आता काचेत उमटायला काही उरले नव्हते. "बाबा, पुन्हा."

चमक्या गाडीभोवती फिरू लागला. चाके चार आहेत याची त्याने तीन वेळा खात्री करून घेतली.

दहापैकी चार.

वडील म्हणाले, "ऊन डोळ्यांवर येतंय."

"ऊन सगळ्यांच्याच डोळ्यांवर येतं, बाबा. आई, आता तू बस."

"मी? अगं, मी त्या सीटवर जन्मात बसले नाही."

"बसायचंच आहे, शर्यत नाही लावायची."

आई काठी दाराला टेकवून बसली, पदराने चष्मा पुसला. ताईने कापड काढून घेतले. पट्टे पुन्हा काचेत चढले. आईने प्रत्येक खाच सावकाश, भाजी निवडल्यासारखी, पाहून सांगितली. दहापैकी नऊ.

आई तिथेच बसून, समोर पाहत म्हणाली, "अहो, त्या दिवशी हे पट्टे नव्हते."

"काय?"

"मी शेजारीच होते ना? काच स्वच्छ होती. मला ती मुलगी लांबून दिसली, निळं दप्तर. मला वाटलं तुम्हालाही दिसलीय, आता थांबतील. मग थांबतील." तिने चष्मा काढला. "घरी आल्यावर तुम्ही पट्टे म्हणालात. मला ते बरं वाटलं. मी गप्प राहिले."

वडील दाराशी आले. त्यांनी हात आत घालून डॅशबोर्डवरून एक बोट ओढले, अंगठ्यावर चोळले, मग नाकाशी नेले.

"हे केव्हा लावलंस?"

"सोमवारी."

"सोमवारी मी हात फिरवला होता. कोरडं होतं. हे ओलं आहे, चमक्या." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून चमक्याला जास्त जड गेले. "आणि तुझ्या हाताचं हे काम नाही. डोळ्यांना नसेल दिसत, बोटांना कळतं अजून."

चमक्याने मान खाली घातली. "आज सकाळी लावलं. तुम्ही हसत शब्द दिलात, बाबा. मला वाटलं, चूक माझी निघाली तर काय बिघडतं?"

"पुन्हा एक मुलगी मध्ये आली असती तर?" ताईने विचारले. तिचा स्वर वर्गातला नव्हता.

या प्रश्नाचे उत्तर चमक्याला सकाळी सातलाच ठाऊक होते. ते टाळण्यासाठीच तो दोन तास हात चालवत होता.

"तू त्याला बोलू नकोस," वडील ताईला म्हणाले. "पट्टे मी आधी लावले. याने नंतर." मग ते चमक्याकडे वळले. "पूस हे. असल्या गाडीतून मी डॉक्टरकडे येणार नाही. चार लोक काय म्हणतील, याचा मुलगा हेच काम करतो?"

चमक्याने गाडी सावलीत घेतली. साबणाचे पाणी, मग स्वच्छ पाणी, मग कोरडे कापड. पृष्ठभाग निवल्यावर त्याने मंद जातीचे पॉलिश कापडावर थोडेसेच घेतले, हाताच्या पंजाएवढ्या जागेत फिरवले, लगेच दुसऱ्या कापडाने टिपले, पुढची जागा घेतली. वडील बाजूला उभे राहून सूचना देत होते. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या होत्या. चमक्या प्रत्येकीला हो म्हणाला आणि आपल्या रीतीने करत राहिला.

ताईने दवाखान्यात फोन केला. बाराची वेळ मिळाली. "मोतीबिंदूच असेल असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "असला तर काढता येतो, एवढं म्हणते. दुसरं काही असेल तर तेही कळेल."

"दुसरं काही म्हणजे?" चमक्याने विचारले.

"मला माहीत नाही. म्हणून तर जायचं."

आई आणि ताई मागे बसल्या. चमक्या चालकाच्या जागेवर बसला, सीट दोन बोटे पुढे घेतली, मग पुन्हा मागे केली. वडील गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराने आत आले. त्यांचा हात सीटच्या पट्ट्यासाठी सवयीने उजव्या खांद्यामागे गेला आणि नुसत्या हवेत चाचपडत राहिला, कारण या सीटवर पट्टा दुसऱ्या बाजूला होता.

"तिकडे नाही, दाराकडे," आई मागून म्हणाली.

"कळलं," वडील म्हणाले. हात मात्र तिथेच आणखी थोडा वेळ शोधत राहिला, आणि तो खाली येईपर्यंत चमक्याने गाडी सुरू केली नाही.