पद्मिनीताईंचे सव्वीस खडे

मलिहाबादच्या त्या आमराईत सकाळी आठ वाजताच पाय ठेवायला जागा नव्हती. दशहरीच्या झाडांखाली सतरंज्या, त्यांवर तीन-चारशे माणसं, आणि समोरच्या लांब टेबलावर ओळीने काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीवर नावाची चिठ्ठी आणि आत पाण्यावर तरंगणारे हिरवे खडे. उदरानंद महाराज एकेक बरणी उचलून उन्हात धरत होते.

"डॉक्टर इसके लिए पेट फाड़ता है. हमने फाड़ा?"

"नहीं!"

"चाकू लगा? टाँका लगा?"

"नहीं!"

"दिनकर बाबू, इंदिरा नगर! इकतीस पथरी!"

टाळ्यांच्या गजरात माझा नवरा उठला आणि त्याने हात जोडले. हा माणूस रेल्वेत पुलांचा इंजिनिअर आहे. दुसऱ्याने घेतलेलं माप स्वतः तपासल्याशिवाय तो कागदावर सही करत नाही. मी मागच्या रांगेत बसून बरण्यांकडे बघत होते. टेबलावरचे झाडून सगळे खडे तरंगत होते. तळाला एकही नव्हता. खडे म्हटले की निदान काही तरी बुडायला हवेत; मला ते काही बरं दिसेना.

फेब्रुवारीपासून दिनकरच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं, तेलकट खाल्लं की जास्तच. सोनोग्राफीत पित्ताशयात सोळा मिलिमीटरचा खडा दिसला. डॉ. रिझवींनी ऑपरेशन सुचवलं. दुर्बिणीतून, चार छोटी छिद्रं, दोन दिवसांत घरी. जूनमधली तारीखही मिळाली. मग ऑफिसातल्या कुणीतरी महाराजांचं नाव सांगितलं, आणि दिनकरने मला न विचारता तारीख रद्द केली.

महाराजांचा उपचार असा: पाच दिवस फक्त आंब्याचा रस. सहाव्या दिवशी शिबिरात मुक्काम, तिथे 'शुद्धिचूर्ण' आणि वर पेलाभर ऑलिव्ह तेलात पिळलेली लिंबं. मग उजव्या कुशीवर झोपायचं. सकाळी जुलाबावाटे खडे बाहेर.

आणि त्यांचं ते व्याख्यान! शरीरशास्त्राचं पुस्तक अंगावर पडलं असावं, पण उघडलं नसावं. "ग्रहणी पर ग्रहण लगा है, इसलिए खाना नहीं पचता. अग्न्याशय की अग्नि बुझ गई है!" ग्रहणी म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, तिला सूर्यचंद्राशी काही देणंघेणं नाही. आणि हिंदीतल्या अग्न्याशयाला आपण मराठीत स्वादुपिंड म्हणतो, म्हणून काही त्याला भाजीची चव कळत नाही. दिनकर शेजारी येऊन बसल्यावर मी हे त्याच्या कानात पुटपुटले.

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात अमरावतीहून माझ्या नणंदबाई, पद्मिनीताई आल्या. दिनकरच्या बरणीची गोष्ट ऐकून त्या हरखल्या. "संपदा, मीही जाते. लिव्हर साफ होत असेल तर वाईट काय?" मी खूप अडवलं. त्या गेल्या, आणि सातव्या दिवशी सव्वीस खडे घेऊन विजयी मुद्रेने परतल्या.

"महाराजांनी माझी बरणी सगळ्यांसमोर धरली! म्हणाले, माताजी के पित्ताशय में तीस साल का कचरा था."

आमची सावनी सहावीत आहे. ती जेवणाच्या टेबलावर शाळेसाठी पचनसंस्थेची आकृती काढत होती. जठर, यकृत, आतडी झाली होती. यकृताखालच्या हिरव्या पिशवीत रंग भरता भरता तिने मान वर केली.

"पर आत्या, आपका गॉलब्लैडर तो निकाल दिया था ना? आपने ही तो टाँके दिखाए थे."

पद्मिनीताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी अमरावतीत त्यांचं पित्ताशय काढलं होतं. ऑपरेशनच्या वेळी मी चार दिवस तिथे होते. अलीगंजच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी नुसती चिडत बसले होते.

"अगं, पण खडे तर निघाले," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "मग ते आले कुठून?"

मी दोन्ही बरण्या ओट्यावर घेतल्या. दोन वाट्यांत हाताला सोसेल इतकं गरम पाणी घातलं. एकीत दिनकरचा खडा टाकला, दुसरीत ताईंचा. दिनकर शेजारी येऊन उभा राहिला. पाच मिनिटांत दोन्ही खडे मऊ पडले, मग फुटले, आणि पाण्यावर हिरवट तेलाचा तवंग पसरला. मी त्यात बोट बुडवून दिनकरच्या तळहातावर घासलं.

"साबणासारखं लागतंय," तो म्हणाला.

"साबणच आहे बऱ्याच अंशी. पेलाभर तेल पोटात गेलं की पाचकरस त्याची आम्लं करतात. चूर्णातला क्षार जुलाबही करवतो आणि त्या आम्लांशी मिळून गोळेही बनवतो. हिरवा रंग पित्ताचा. पित्ताशय काढलं तरी यकृत पित्त बनवतंच, म्हणून ताईंचे खडेही हिरवे. हे पित्ताशयातून आलेले नाहीत दिनकर, आतड्यात बनलेत. तेल प्यायलेल्या कुणालाही होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच जाऊन सोनोग्राफी करून आला आणि रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. सोळा मिलिमीटर. जागच्या जागी.

रविवारी आम्ही पुन्हा मलिहाबादला गेलो. बोलायचं मी ठरवलं होतं, पण मी उठायच्या आत पद्मिनीताई उभ्या राहिल्या.

"महाराज, मेरे कितने पत्थर निकले थे?"

"छब्बीस, माताजी! पित्ताशय एकदम निर्मल!"

"मेरा पित्ताशय तो ग्यारह साल पहले काटके फेंक दिया," ताई आपल्या अमरावतीच्या हिंदीत म्हणाल्या. "ये देखो कागज. फिर पत्थर किधर से आए? पड़ोसन के पेट से?"

गर्दीत खसखस पिकली. महाराज हसले.

"माताजी, स्थूल पित्ताशय कटता है. सूक्ष्म पित्ताशय रहता है!"

"तो फिर सूक्ष्म पत्थर निकलने थे," दिनकर म्हणाला. त्याने थर्मासमधलं गरम पाणी टेबलावरच्या पातेल्यात ओतलं आणि आपली अख्खी बरणी त्यात रिकामी केली. लोक पुढे सरकले. उरलेले तीस खडे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विरघळले. महाराजांचे चेले पातेलं उचलायला धावले, पण तोवर पुढच्या रांगेने ते धरून ठेवलं होतं.

त्या गोंधळात बागेत काम करणारा एक माणूस माझ्याजवळ आला. रामखेलावन त्याचं नाव. "बहनजी, मेरी घरवाली का ऑपरेशन हमने टाल दिया था. चालीस निकले थे उसके. अब आँखें पीली हो रही हैं."

डोळे पिवळे म्हणजे खडा पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो. आम्ही तिथूनच तिला गाडीत घातलं आणि सरकारी रुग्णालयात नेलं. खडा नलिकेतच होता, तापही चढला होता. आठ दिवसांनी ती बरी होऊन घरी गेली. डॉ. रिझवी म्हणाले, एवढं तेल प्यायलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं, आणि तो जोर खऱ्या खड्याला नलिकेत ढकलू शकतो. दिनकरचं नशीब की त्याचा हलला नाही.

जुलैत दिनकरचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तो पलंगावर टेकून बसला होता, तेव्हा मी विचारलं, "तुझ्यासारखा माणूस त्या बाबाच्या नादी लागलाच कसा?"

"माझा त्याच्यावर विश्वास नव्हता गं," तो म्हणाला. "मला भुलीची भीती वाटत होती. पुन्हा जाग आली नाही तर? तो एकटाच होता ज्याने सांगितलं की घाबरायचं कारण नाही."

तेव्हापासून मी वर्गात आणि शेजारीपाजारी हेच सांगत असते. ऑपरेशनची भीती वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. ती डॉक्टरांना सांगा, घरच्यांना सांगा, हवे तितके प्रश्न विचारा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. आणि कुणी बरणीत चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्या. खडा गेला असेल तर ते यंत्रात दिसेल. गेला नसेल, तर तेही दिसेल.